स्क्रीनओएसमधला प्रक्षेप

१७ डिसेंबर २०१५ रोजी ज्युनिपर नेटवर्क्स या अमेरिकी कंपनीने एक निवेदन प्रसिद्ध केले. स्क्रीनओएस या आपल्या प्रणालीचे अंतर्गत परीक्षण करताना तिच्या संहितेत अनधिकृत भाग आढळला आहे, असे त्यात म्हटले होते. एखाद्या प्रकाशकाने, आपण विकलेल्या प्रतींत कोणी तरी स्वतःचा मजकूर घुसवला आहे, असे जाहीर करावे, तसा हा प्रकार. संगणकाच्या 'कोड'ला आपण मराठीत संहिता म्हणतो आणि 'व्हर्शन'ला आवृत्ती. दोन्ही शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या वापरातले आहेत. या प्रकरणात ते रूपकापुरते राहत नाहीत. जे घडले ते प्रक्षेपाचे प्रकरण होते आणि ते उलगडले तेही पाठांची तुलना करूनच.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. नेटस्क्रीन ही कंपनी फायरवॉल आणि व्हीपीएन यांची यंत्रे बनवीत असे. २००४ साली ज्युनिपरने ती विकत घेतली. कार्यालयाचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे आंतरजाल यांच्या सीमेवर असे यंत्र बसते. कोणाला आत घ्यायचे हे ते ठरवते आणि दूरच्या शाखेशी चाललेली देवाणघेवाण कूटबद्ध करून पाठवते. म्हणजे द्वारपालही तेच आणि लखोट्यावर लाख लावणारा कारकूनही तेच. या यंत्रांत चालणारी प्रणाली म्हणजे स्क्रीनओएस. तिची मूळ संहिता ग्राहकाला मिळत नाही. मिळते ते यंत्रभाषेतील भाषांतर, जे वाचणे हे स्वतंत्र कसब आहे.

निवेदनासोबत ज्युनिपरने दुरुस्त आवृत्त्या दिल्या. त्यांतील काही जुन्याच आवृत्त्यांना 'बी' हे अक्षर जोडून पुन्हा काढलेल्या होत्या. नेमके काय दुरुस्त केले हे कंपनीने सांगितले नव्हते. पण शुद्धिपत्र छापले की अशुद्धे कोठे होती हे आपोआप कळते. अनेक देशांतील अभ्यासक सदोष आणि शुद्ध प्रती शेजारी ठेवून वाचू लागले. नेदरलँड्समधील फॉक्स-आयटी या कंपनीने सहा तासांत पहिला प्रक्षेप शोधल्याचे सांगितले. २० डिसेंबरला रॅपिड७ या कंपनीच्या एच. डी. मूर यांनी तो जाहीरच केला.

तो एक पासवर्ड होता. यंत्राच्या व्यवस्थापकाची ओळख पटवणाऱ्या भागात कोणी तरी एक तुलना वाढवली होती. वापरकर्त्याचे नाव काहीही असो, परवलीच्या जागी हा मजकूर टंकला की यंत्राची सर्व सूत्रे हाती येत. लक्षणीय आहे ते त्या परवलीचे रूप. तीन कोनी कंस, टक्क्याची चिन्हे, एक संक्षिप्त नाव, बरोबरचे चिन्ह: प्रोग्रामर मंडळी चुका शोधताना जी तात्पुरती टिपणवाक्ये संहितेत पेरतात, त्यांच्यासारखेच ते दिसत होते. अशी शेकडो वाक्ये त्या प्रणालीत असतात. वाचणाऱ्याची नजर तेथे थांबत नाही. प्रक्षेपकाने नुसता मजकूर लपवला नाही, भोवतालची शैली उचलली. उत्तम प्रक्षेपकाचे हेच लक्षण आपण मानत आलो आहोत. छंद, शब्दकळा, कवीच्या लकबी त्याला अवगत असतात आणि म्हणूनच कानाला खटकून तो सापडत नाही. सापडतो तो जुन्या प्रतीत ती ओळच नसल्यामुळे.

मूर यांनी त्याच वेळी दिलेल्या अंदाजानुसार, दूरस्थ प्रवेशाची खिडकी उघडी असलेली सुमारे २६,००० नेटस्क्रीन यंत्रे आंतरजालावर थेट दिसत होती. त्या परवलीने कोणी शिरला तर नोंदवहीत त्याची नोंद 'सिस्टिम' या नावाने होई. पण आत शिरलेल्याला नोंदवहीही खोडता येत असल्याने त्या नोंदीचा भरवसा किती, हा प्रश्नच.

दुसरा प्रक्षेप याहून सूक्ष्म आहे आणि माझ्या मते खरा इतिहास त्यातच आहे. येथे एकही ओळ वाढवलेली नव्हती. एक संख्या बदललेली होती, ३२ बाइटांची. आणि प्रणाली स्वतःची तपासणी ज्या नमुना-उत्तराशी ताडून करते, ते उत्तरही त्या संख्येला जुळेल असे बदलले होते. एक पाठभेद, आणि त्याला अनुसरून टीकेतील उदाहरणाची दुरुस्ती! २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्त्यांपासून हा पाठ चालू होता.

ही संख्या कशाची? कूटलेखनाला अशा संख्या लागतात की ज्यांचा अंदाज कोणालाही बांधता येऊ नये. त्या निर्माण करण्याच्या पद्धतींपैकी ड्युअल ईसी या नावाच्या पद्धतीला अमेरिकेतील निस्ट या मानक संस्थेने २००६ साली मान्यता दिली. ती पद्धत एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून आली होती. तिच्यात दोन स्थिर बिंदू आहेत, पी आणि क्यू. ऑगस्ट २००७ मध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन या मायक्रोसॉफ्टमधील दोघांनी एका परिषदेत अल्पसे टिपण सादर केले: हे दोन बिंदू निवडणाऱ्याला त्यांच्यातील एक गुप्त नाते ठाऊक असेल, तर बाहेर पडलेल्या थोड्याशा संख्यांवरून तो पुढच्या सर्व संख्या काढू शकेल. ते नाते कोणाला ठाऊक आहे, असा आरोप त्यांनी केला नाही. कुलूप असे घडवले आहे की घडवणाऱ्याकडे दुसरी किल्ली असू शकते, एवढेच ते म्हणाले. सप्टेंबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवर आधारित बातम्या आल्या, तेव्हा ती शंका शंका राहिली नाही. निस्टने ही पद्धत वापरू नये असे सांगितले आणि पुढे ती मानकातून काढून टाकली.

स्क्रीनओएसमध्ये ड्युअल ईसी २००८ सालच्या ६.२ या आवृत्तीपासून होती. स्नोडेन यांच्या कागदपत्रांनंतर, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ज्युनिपरने ग्राहकांना धीर देणारा खुलासा केला: आम्ही मानकातील बिंदू वापरत नाही, स्वतःचे वापरतो, आणि ड्युअल ईसीतून निघालेली संख्या थेट बाहेर जात नाही, तिच्यावर दुसऱ्या एका जुन्या पद्धतीचा संस्कार होतो. हा खुलासा लिहिला जात होता तेव्हा तो 'स्वतःचा' बिंदू दुसऱ्याच कोणी तरी बदलून वर्ष उलटले होते.

खुलाशातील दुसरे विधानही खरे नव्हते, हे डिसेंबर २०१५ मध्ये विलेम पिंकार्स यांनी दाखवले. दुसरी पद्धत संहितेत होती खरी, पण ती कधी चालतच नव्हती. कारण क्षुल्लक वाटावे असे आहे. संस्कार करणाऱ्या चक्राचे आवर्तन मोजणारा आकडा त्या चक्रापुरता मर्यादित ठेवला नव्हता. तो सर्व प्रणालीला सामाईक होता. चक्र सुरू होण्याआधी ड्युअल ईसीचा भाग तोच आकडा वापरी आणि जाताना त्याचे मूल्य ३२ करून ठेवी. चक्राची अट अशी की आकडा ३१ किंवा त्याहून कमी असेल तरच चालायचे. अर्थात ते एकदाही चालत नसे, आणि ड्युअल ईसीतून निघालेल्या संख्या जशाच्या तशा बाहेर पडत. याच ६.२ आवृत्तीत आणखी एक बदल झालेला दिसतो. व्हीपीएनचे संभाषण सुरू करताना दोन्ही बाजू जी उघडी संख्या एकमेकींना पाठवतात, तिची लांबी २० बाइटांवरून ३२ बाइट झाली. क्यूचे गुपित ठाऊक असणाऱ्याला २० बाइट अपुरे पडले असते; ३२ पुरतात. उघडी संख्या टिपून घ्यायची, तिच्यावरून पुढची गुप्त संख्या काढायची आणि सगळे संभाषण वाचायचे. तारेवरून जाणारा मजकूर नुसता ऐकणाऱ्याच्या मागे खूण उरत नाही. असे वाचन झाले का, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही, असे ज्युनिपरनेच आपल्या सूचनेत म्हटले.

त्या आकड्याची चूक हा हस्तदोष की हेतू? पाठचिकित्सेला हा प्रश्न नवा नाही. पोथीतील गळालेली ओळ लेखनिकाची डुलकी होती की पंथाभिमान, हे प्रतींवरून अनेकदा ठरत नाही. स्टीफन चेकोवे, राल्फ-फिलिप वाइनमान आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली या प्रकरणाचा जो सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक आवृत्तीत काय बदलले याची काटेकोर नोंद आहे आणि हेतूविषयी संयम आहे. सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जी शिस्त घालून दिली, तिची आठवण व्हावी असा तो संयम आहे.

पण पाठचिकित्सेची एक सवय येथे अपुरी पडते, आणि या लेखाचे कारण तेच आहे. प्रक्षेप काढून टाकला की उरते ते मूळ, आणि मूळ ते प्रमाण, असे आपण धरून चालतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती मागे ज्ञानेश्वर उभे आहेत या खात्रीने. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीत ज्युनिपरनेही हेच केले: घुसवलेली संख्या काढली आणि २०१२ पूर्वीची पुन्हा बसवली. मूळ पाठाचा जीर्णोद्धार झाला. ड्युअल ईसी मात्र होती तेथेच राहिली, चक्रही बंदच राहिले. पुन्हा स्थापन केलेल्या त्या मूळ संख्येच्या मागे कोण उभे होते? ती निःपक्षपातीपणे निवडली होती, हे दाखवणारा पुरावा बाहेरच्या वाचकासमोर नव्हता. प्रक्षेपकाला नवे दार पाडावेच लागले नव्हते. दार होते, त्याने फक्त कुलूप बदलले. आणि एक संख्या बदलून हे साधले, कारण मूळ लेखनच तशा बदलाला जागा ठेवून झाले होते. प्रक्षिप्त काय, एवढेच विचारणाऱ्याला ही जागा दिसत नाही. अभ्यासकांनी ती दाखवल्यावर, ८ जानेवारी २०१६ रोजी, त्या वर्षाच्या पूर्वार्धात ड्युअल ईसी आणि ती जुनी पद्धत दोन्ही काढून टाकू, असे कंपनीने जाहीर केले.

प्रक्षेपक कोण, याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. जून २०२० मध्ये सेनेटर रॉन वायडन आणि अमेरिकी संसदेच्या इतर सदस्यांनी ज्युनिपरला पत्र लिहून, तुमच्या चौकशीत काय निघाले, असे विचारले. एका राष्ट्राच्या सरकारने ड्युअल ईसीची ती यंत्रणा स्वतःसाठी वळवून घेतली, असे कंपनीने मान्य केल्याचे रॉयटर्सने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिले. राष्ट्राचे नाव त्यात नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्लूमबर्गने आपल्या वृत्तात चीनशी जोडल्या जाणाऱ्या एका गटाचे नाव घेतले, आणि ज्युनिपरने ड्युअल ईसी मुळात घेतली ती अमेरिकेच्या संरक्षण खात्यासारख्या ग्राहकासाठी, असेही म्हटले. हे वृत्त खरे धरले तर एका राज्याने ठेवलेली जागा दुसऱ्या राज्याने वापरली, आणि ज्यांची पत्रे वाचली गेली असतील त्यांना दोन्ही अपरिचित.

रॉयटर्सच्या त्याच वृत्तात आणखी एक तपशील आहे. ज्युनिपर प्रकरणापासून काय शिकलो याचा एक अहवाल एनएसएने तयार केला होता, असे वायडन यांच्या कार्यालयाला २०१८ मध्ये सांगण्यात आले होते. पुढे तो मागितला, तेव्हा संस्थेचे उत्तर आले की तो दस्तऐवज सापडत नाही.