आकाशवाणीची धून आणि तिच्यामागे झाकलेला माणूस

आजचा भाग ऐकण्याआधी एक काम करा. यूट्यूबवर आकाशवाणीची जुनी सिग्नेचर ट्यून शोधा आणि कानात हेडफोन घालून एकदा ऐका. मागे तंबोरा, त्याच्यावर व्हायोलिन, शिवरंजनीची छाया असलेली छोटीशी धून. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोर लावा. ते लगेच ओळखतील. रोज सकाळी केंद्र सुरू होण्याआधी ती वाजायची.

आता त्यांना विचारा, ही धून केली कोणी? बहुतेक घरांत याचं उत्तर मिळणार नाही.

तिचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला. साल १९३६, म्हणजे ज्या वर्षी आपल्या सरकारी रेडिओला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं, तेच. व्हायोलिन वाजवलंय मेहली मेहता यांनी, म्हणजे झुबीन मेहतांच्या वडिलांनी. श्रेय दुसऱ्यांना देणारेही काही जण आहेत, पण त्या वादात मी आज शिरणार नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. या माणसाने क्वार्टेट लिहिले, ऑपेरा लिहिले, सिम्फनी लिहिल्या. मग आपल्यापर्यंत पोचली ती फक्त अर्ध्या मिनिटाची धून, असं का?

कॉफमनचा जन्म १९०७चा, कार्ल्सबादचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथून तो बर्लिनला गेला आणि फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकला. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने मालरच्या संगीतावर प्रबंध लिहिला. आणि मग कळलं, की आपले मार्गदर्शक प्राध्यापक तिथल्या नाझी युवक संघटनेचे नेते आहेत. त्याने डॉक्टरेट घेतलीच नाही. प्रबंध लिहून तयार, फक्त पदवी घ्यायची बाकी, आणि हा नको म्हणाला! ज्यांनी पीएचडी केलीये त्यांना विचारा, हे किती कठीण आहे.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू संगीतकारांना नोकऱ्यांवरून काढायला सुरुवात झाली. खुद्द श्रेकरनाही बर्लिनच्या संगीत महाविद्यालयाचं संचालकपद त्याआधीच सोडावं लागलं होतं. १९३४ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी कॉफमन मुंबईत उतरला.

मुंबईच का? एक कारण अगदी साधं: इथला व्हिसा सहज मिळाला. दुसरं कारण मला जास्त आवडतं. भारतीय संगीताच्या रेकॉर्ड त्याने युरोपातच ऐकल्या होत्या आणि त्याला त्यातलं काहीही कळलं नव्हतं. पण त्याने विचार असा केला, की हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी घडवलंय, लाखो लोकांना ते आवडतं, म्हणजे कमतरता माझ्याच कानात असणार. तर मग जिथे ते जन्मलं तिथेच जाऊन शिकू. त्या काळात युरोपातले कितीतरी विद्वान आपल्या गाण्याला रडगाणं म्हणून मोकळे होत होते, हे लक्षात घ्या.

थोडे दिवस राहायला आला आणि राहिला तब्बल बारा वर्षं. आल्या आल्या त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल व्हायची. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एजिदिओ वेर्गा. म्हणजे एक ज्यू, एक पारशी, एक इटालियन. ही अस्सल मुंबई! १९३७ पासून तो ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी काम केलं. ‘अनसूया’ नावाचा रेडिओ ऑपेरा लिहिला. आणि या सगळ्यात राग समजून घेत राहिला, टिपणं काढत राहिला.

इथे जरा थांबूया. त्याची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची, त्याच्या एली नावाच्या बहिणीची मुलगी. मुंबईत गुरुवारच्या मैफली झडत होत्या त्याच काळात नाझींनी कार्ल्सबाद गिळलं, मग प्राग. १९४१ मध्ये एलीला पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत पाठवलं गेलं. ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. आपण सहज म्हणतो, ‘कॉफमन वाचला, मुंबईत सुखरूप होता.’ होता खरा. पण ते सुखरूप असणं कसलं होतं, तेही मनात ठेवूया.

१९४६ मध्ये त्याने मुंबई सोडली. आधी लंडन, मग कॅनडात हॅलिफॅक्स, मग विनिपेगच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा संचालक, आणि १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे त्याचे उत्तर आणि दक्षिण भारतातल्या रागांवरचे जाडजूड ग्रंथ आले. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा जगाला संशोधक कॉफमन माहीत होता. संगीतकार कॉफमन कागदावरच राहिला.

माझ्या मते हे होणारच होतं. संगीत टिकायला एक गाव लागतं: तिथले वाजवणारे, छापणारे, पुन्हा पुन्हा ऐकणारे. कॉफमनचं गाव दर काही वर्षांनी बदललं. त्यातून तो जे लिहीत होता ते कोणाच्याच खणात बसेना. युरोपवाल्यांना ते भारतीय वाटणार, आपल्याला विलायती. युद्धानंतर युरोपात तर सगळ्यांना एकदम नवं, सूर मोडून टाकणारं संगीत हवं होतं. सुरेल, नाचऱ्या लयीचं, मागे तंबोऱ्यासारखा षड्ज धरून ठेवणारं हे संगीत मग कोण वाजवणार?

तर ते वाजवलं टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने. तिथल्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीतल्या कलाकारांचा हा गट. सायमन विनबर्ग त्याचे कलात्मक संचालक. नाझी काळात परागंदा झालेल्या आणि दडपल्या गेलेल्या संगीतकारांच्या रचना शोधायच्या आणि ध्वनिमुद्रित करायच्या, हे काम त्यांनी मनावर घेतलंय. पॉल बेन-हाइम, येझी फितेलबर्ग, ऑशविट्झमधून जिवंत परतलेला शिमॉन लाक्स, अशी ही रांग. २०२० मध्ये शँडोस कंपनीतर्फे त्यांचा कॉफमनचा अल्बम आला.

हे काम वाटतं तितकं रोमँटिक नसतं बरं का. कॉफमनचे कागद ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत. हस्तलिखित स्वरलिपी मिळाली तरी ती तशीच वादकासमोर ठेवता येत नाही. प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा उतरवावा लागतो. एखादा सूर तिथे मुद्दाम आहे की लिहिताना हात चुकला, हे ठरवावं लागतं, आणि विचारायला संगीतकार नसतो. जुनी रेकॉर्डही नाही, की ऐकून घ्यावं. आपल्याकडे बंदिशीची कागदावरची प्रत मिळते, पण ती गाणारं घराणं उरलेलं नसतं, तसंच काहीसं.

अल्बममध्ये त्याचा सातवा आणि अकरावा क्वार्टेट आहे, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. शिवाय व्हायोलिन-पियानोचा सोनाटा, एक सोनाटिना आणि सात वाद्यांचं सेप्टेट. सुरुवात अकराव्या क्वार्टेटपासून करा. आलाप येईल असं वाटतं आणि तेवढ्यात चार वाद्यं एकमेकांशी बोलायला लागतात. ‘फ्यूजन’ म्हणून आपल्या माथी जे मारलं जातं, त्यापेक्षा हे कितीतरी वेगळं आहे. सतार आणून शेजारी बसवलेली नाही. रागाकडे पाहून मूळ भाषेतच बदल केलाय.

१९४३ साली, युद्ध चालू असताना लिहिलेली त्याची ‘इंडियन सिम्फनी’सुद्धा आता ध्वनिमुद्रित झालीये. वाजवलीये बर्लिनच्या रेडिओ ऑर्केस्ट्राने. हो, तेच बर्लिन. मुंबईतल्या एखाद्या सभागृहात ती ऐकायला मिळावी अशी माझी फार इच्छा आहे. कोणी आयोजक हे ऐकत असतील, तर स्वरलिपी कुठे आहे ते आत्ताच सांगून झालंय.