वैवाहिक निष्ठेची पॉलिग्राफ चाचणी

वैवाहिक निष्ठेची पॉलिग्राफ चाचणी म्हणजे जोडीदाराच्या विवाहबाह्य संबंधांचा संशय आल्यावर त्याच्या किंवा तिच्या शारीरिक प्रतिक्रिया यंत्राने नोंदवून खरेखोटे ठरविण्याचा खासगी प्रयत्न होय. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील काही खासगी गुप्तहेर संस्था पाळत व विवाहपूर्व चौकशी यांच्या जोडीला ही सेवा देतात. तिच्या अहवालाला भारतीय न्यायालयात पुरावा म्हणून स्थान नाही; घरात मात्र तो निकालपत्रासारखा वापरला जातो.

कार्यपद्धती

चाचणीत छातीभोवती व पोटाभोवती श्वास मोजणाऱ्या नळ्या, दंडावर रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना घामातील बदल टिपणारी विद्युत्‌अग्रे लावतात. अमेरिकेतील बर्कली येथे जॉन लार्सन यांनी १९२१ साली बनविलेले यंत्र हे आजच्या उपकरणांचे पूर्वरूप मानले जाते. ‘खोटे शोधणारे यंत्र’ हे रूढ नाव फसवे आहे. यंत्र नोंदवते ती उत्तेजना. ती खोटेपणाने आली, भीतीने आली की अपमानाने, हे त्याला कळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात या चाचणीचा शास्त्रीय पाया कमकुवत असल्याचे म्हटले.

दांपत्याच्या बाबतीत ही अडचण अधिकच वाढते. चोरीच्या तपासात केवळ गुन्हेगारालाच ठाऊक असलेल्या तपशिलावर प्रश्न बेतता येतात. संशयी नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळ असा तपशील बहुधा नसतोच. उरतो तो थेट आरोप, आणि त्या आरोपानेच निर्दोष माणसाचेही काळीज धडधडते. शिवाय आकड्यांचाही एक सापळा आहे. समजा, शंभर संशयितांपैकी दहा जणांनी खरोखर प्रतारणा केली आहे आणि चाचणी दर शंभरांत वीस वेळा चुकते. मग दहापैकी आठ दोषी सापडतील, पण नव्वद निर्दोषांपैकी अठरा जणही ‘खोटे’ ठरतील. म्हणजे ठपका आलेल्या सव्वीस जणांत निर्दोषांची संख्या दोषींच्या दुपटीहून अधिक असेल.

दिव्याची परंपरा

शरीराकडून सत्य वदवून घेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठेशाहीत ‘रवा दिव्य’ विशेष प्रचलित होते. वादीची नखे काढून व हात स्वच्छ धुवून त्याला कढत तेल-तुपातून धातूचा रवा काढावयास लावीत. नंतर हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर करीत आणि काही दिवसांनी ती सोडून हात पाहत. हात भाजला नसल्यास तो ‘खरा’ ठरे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात (१९५३) अशा निवाड्यांचा अभ्यास केला आहे. पाटीलकी, कुलकर्ण अशा वतनांच्या तंट्यांतही ही दिव्ये होत. त्यामुळे ही केवळ एखाद्या भटक्या जमातीची रूढी होती, हा आजचा समज इतिहासाला धरून नाही. ‘दिव्य करणे’, ‘दिव्यातून जाणे’ हे वाक्प्रचार मराठीत उरले आहेत ते त्यातूनच.

धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये याचे क्रूर रूप समोर आले. काही दिवस घराबाहेर राहून परतलेल्या पत्नीच्या चारित्र्याची ‘खात्री’ करण्यासाठी पतीने तिला उकळत्या तेलातून पाच रुपयांचे नाणे हाताने काढावयास लावले. या प्रकाराची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरल्यानंतर राज्यभर संताप व्यक्त झाला व विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कारवाईची मागणी केली. पॉलिग्राफने हात भाजत नाही, हा फरक लहान नव्हे. परंतु आरोप करणाऱ्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही आणि जिच्यावर आरोप आहे तिने आपले निर्दोषत्व देहाने दाखवावे, ही मांडणी दोन्हीकडे तीच आहे.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ व मेंदूलेखन चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत असा निर्णय दिला. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाही. त्यातून मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे काही सापडले, तर तेवढेच ग्राह्य धरता येते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते आणि संबंधिताला वकिलाची मदत मिळावी लागते. या सूचना तपासयंत्रणांसाठी आहेत. खासगी कार्यालयातील खोलीत ना दंडाधिकारी असतो, ना वकील.

व्यभिचाराचा गुन्हा ठरविणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार मात्र कायम आहे. त्यामुळे पुराव्याची गरज संपलेली नाही. पुण्यातील एका दांपत्याच्या वादात पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी करण्याचा आदेश कौटुंबिक न्यायालयाने दिला व मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. २० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आईबापांच्या भांडणात मुलाला पुराव्याचे साधन बनवता येणार नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. याउलट जुलै २०२५ मध्ये, पतीपत्नींनी परस्परांचे गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य धरता येईल, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला.

व्यवसाय व नैतिक प्रश्न

गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा पहारेकऱ्यांपुरता आहे. त्यामुळे पॉलिग्राफ परीक्षकाची पात्रता, प्रश्नांची मर्यादा किंवा नोंदींची गोपनीयता यांवर या क्षेत्रासाठी वेगळे बंधन नाही.

सर्वांत कठीण मुद्दा संमतीचा आहे. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर बसायला काय हरकत?’ या वाक्याला घरात उत्तर नसते. नकार हाच कबुलीजबाब मानला जातो. माहेरी पाठवण्याची किंवा मुले काढून घेण्याची भीती असताना केलेल्या सहीला स्वेच्छा म्हणणे अवघड आहे. पैसे देणारा एक आणि तपासला जाणारा दुसरा, ही रचनाही तटस्थतेला पोषक नाही. अहवाल अनुकूल आला तरी संशय मिटेलच असे नाही. यंत्राला फसवता येते, ही माहितीही संशयी माणसाने वाचलेली असते.

अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना नोकरांवर ही चाचणी लादण्यास मनाई केली. जोडीदारापासून जोडीदाराला संरक्षण त्यात नाही.

दूरचित्रवाणीवर

२००९ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या ‘सच का सामना’ या कार्यक्रमात स्पर्धकांची आधी पॉलिग्राफ चाचणी घेऊन तेच प्रश्न कुटुंबीयांसमोर विचारले जात. त्यांत वैवाहिक निष्ठेचे प्रश्नही असत. त्यावर राज्यसभेत आक्षेप घेतला गेला व माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने वाहिनीला नोटीस बजावली. ब्रिटनमध्ये ‘द जेरेमी काइल शो’मध्ये निष्ठेच्या चाचणीत ‘नापास’ ठरविण्यात आलेल्या एका सहभागी व्यक्तीचा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृत्यू झाला. मे २०१९ मध्ये तो कार्यक्रम कायमचा बंद करण्यात आला.