नंबरप्लेट आणि नगरपालिका

इथे ब्रिटनमध्ये पीएचडी करताना मी फोटोतले आकडे ओळखणारे प्रोग्रॅम लिहायचो. नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याचं तेव्हा फार कौतुक. बर्मिंगहॅमचा किस्सा वाचला आणि ते ओसरलं.

२०१० साली तिथल्या दोन मुस्लिमबहुल भागांभोवती २१८ कॅमेऱ्यांची योजना आली. त्यातले ७२ लपवलेले. कोणती गाडी कधी आली-गेली, सगळ्याची नोंद. कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका, आणि पोलिसांच्या संयुक्त समितीने सांगितलं, परिसर सुरक्षित करतोय. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला! लोक भडकले. कॅमेऱ्यांवर पिशव्या चढल्या, पोलिसप्रमुखांनी माफी मागितली, २०११ मध्ये कॅमेरे उतरले.

प्लेट बरोबर वाचली का, एवढंच आम्ही इंजिनियर तपासतो. ती कशासाठी वाचतोय, हे रहिवाशांना खरं सांगितलं का, हे आम्ही कधी विचारलंच नाही.