व्हेनिसमधील मुक्काम : निवडीचा अधिकार

उत्तर इटलीतील शहरांत आज प्रवासी आपली ऐपत आणि आवड पाहून हॉटेल निवडतो. परंतु व्हेनिसमध्ये हा अधिकार परक्या व्यापाऱ्याच्या हाती फार उशिरा आला, कारण त्याने कोठे उतरावे हे त्याचा देश व धर्म पाहून अनेक शतके तेथील शासनच ठरवीत असे.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रिआल्तो पुलालगतची ‘फोंदाको देई तेदेस्की’, म्हणजे जर्मन व्यापाऱ्यांची वखार, जिचा उल्लेख 1228 पासून आढळतो. आल्प्स ओलांडून येणाऱ्या जर्मन व्यापाऱ्याने तेथेच उतरावे, तेथेच माल ठेवावा आणि शासनाने नेमलेल्या दलालामार्फतच सौदा करावा, असा नियम होता. ‘विस्दोमिनी’ नावाचे अधिकारी या सर्वांवर देखरेख ठेवीत. सुरतेच्या वखारीत इंग्रज राहत, पण तिच्या आतला कारभार त्यांच्या कंपनीचा असे. व्हेनिसमध्ये मात्र इमारतही यजमान राज्याची आणि पहाराही त्याचाच, त्यामुळे पाहुण्याची सोय आणि त्याच्या मालावरील कराची वसुली ही दोन्ही कामे एकाच छपराखाली होत. 1505 मध्ये ही इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा शासनाने ती स्वखर्चाने पुन्हा उभारली आणि 1508 च्या सुमारास जॉर्जोने व तिशियन यांच्याकडून तिच्या बाह्य भिंती चित्रांनी सजवून घेतल्या. परक्यांच्या निवासस्थानासाठी राज्याने एवढी कला खर्ची घालावी, यावरूनच या व्यापाराचे मोल कळते.

यात्रेकरूंवर असे बंधन नव्हते, कारण जेरुसलेमला जाणारे जहाज मिळेपर्यंत त्यांना केवळ निवारा हवा असे, आणि तो शोधण्यास मदत करण्यासाठी ‘थोलोमारी’ नावाचे अधिकृत मार्गदर्शक नेमलेले होते. तरीही भाषेचा आधार सर्वांनाच लागे. उल्म येथील फेलिक्स फाब्री हा डोमिनिकन भिक्षू 1483 मध्ये जर्मन मालकाच्या ‘सेंट जॉर्ज’ या सराईत उतरला, जेथे नोकरचाकरही जर्मन होते. तेथील कुत्रासुद्धा जर्मनांचे स्वागत करतो आणि इटालियनांवर गुरगुरतो, असे त्याने लिहून ठेवले आहे.

धर्माच्या बाबतीत नियम अधिक कठोर होते. 1516 मध्ये ज्यूंसाठी रात्री दरवाजे बंद होणारी ‘घेट्टो’ ही वेगळी वस्ती ठरवण्यात आली, 1541 मध्ये पूर्वेकडून येणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांनाही तिच्याच विस्तारात जागा नेमून दिली गेली आणि 1621 मध्ये ऑटोमन साम्राज्यातील मुसलमान व्यापाऱ्यांसाठी ‘फोंदाको देई तुर्की’ ही स्वतंत्र वखार निश्चित झाली. ज्यांच्या व्यापारावर शहर श्रीमंत झाले, त्यांनाच त्याने रात्री कुलपाआड ठेवले. या व्यवस्थेने परक्याला आश्रय दिला हे खरे, पण तिला आतिथ्य म्हणता येणार नाही.

ऐपतदार प्रवाशांसाठी मात्र खासगी सराया वाढत गेल्या. 1786 मध्ये जर्मन कवी गटे सेंट मार्क चौकाजवळील ‘इंग्लंडची राणी’ या खाणावळवजा निवासात राहिला होता. 1797 मध्ये प्रजासत्ताक संपुष्टात आले, 1806 मध्ये नेपोलियनच्या राजवटीने जर्मन वखार बंद केली आणि 1822 मध्ये जुझेप्पे दाल निएल याने दांदोलो घराण्याच्या जुन्या वाड्यात ‘दानिएली’ हे हॉटेल सुरू केले. पुढे 1842 मध्ये प्रकाशक मरे यांची उत्तर इटलीवरील मार्गदर्शिका निघाली आणि 1846 मध्ये खाडीवरील रेल्वेपूल खुला झाला, तेव्हा सामान्य प्रवाशालाही ठिकाणांची तुलना करून मुक्काम ठरवणे शक्य होऊ लागले. तुर्की व्यापाऱ्यांची वखार 1838 पर्यंत वापरात होती. आज तेथे निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे.