बंदूक, बैल आणि दुर्बीण

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाच्या अंगी दोन गुण असावे लागतात. एक म्हणजे थांबून राहणं, आणि दुसरा म्हणजे थांबल्यावर इकडेतिकडे बघत बसणं. माजिवड्याहून निघालेली बस मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशी एकेका गावाची हजेरी घेत गायमुखाकडे सरकते, तेव्हा डावीकडे येऊरचे डोंगर दिसतात, उजवीकडे इमारतींच्या फटींतून खाडी दिसते आणि मधे मेट्रोचे खांब दिसतात. पक्ष्यांना रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट लागतं. आपल्याला किती लागतं हे मी लिहीत नाही, कारण वाचक ठाण्याचा असेल तर त्याला माहीत आहे आणि बाहेरचा असेल तर त्याचा विश्वास बसणार नाही.

या रस्त्याच्या नावातच घोडे आहेत. परदेशी घोडे गलबतांतून इथं उतरत म्हणून घोडबंदर, असं सांगतात. टोकाला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. तो १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि पुढे इंग्रजांकडे गेला. राजवटी तीन झाल्या. पण उंचावर उभं राहून पलीकडे कोण काय करतंय ते बघणं, हे काम तिन्हींत अखंड चाललं असणार. हल्ली ते काम आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँकवाले काका करतात. त्यांचा बुरूज म्हणजे ए विंगच्या चौथ्या मजल्यावरची गॅलरी.

काकांकडे स्पॉटिंग स्कोप आहे. म्हणजे एकडोळी दुर्बीण. दोन डोळ्यांची दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडता येतं; ही तिपाईवर बसते आणि मालकालाही एका जागी बसवते. साधी दुर्बीण आठ-दहा पट मोठं दाखवते, ही वीसपासून साठ पटींपर्यंत. काका तिच्या डोळ्याकडच्या भिंगाला छोटा डिजिटल कॅमेरा टेकवतात आणि खट्कन फोटो काढतात. या उद्योगाला डिजिस्कोपिंग असं भारदस्त नाव आहे. हा शब्द फ्रान्समधल्या आलँ फॉसे नावाच्या पक्षिनिरीक्षकानं काढला, असं म्हणतात. काकूंनी त्याला दुसरं नाव ठेवलं आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

पूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो पाडायचा, अशी रीत होती. पक्षी हातात आला की मोजमाप घ्यायचं, पेंढा भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. मग तो कोण होता ते नक्की व्हायचं. ‘होता’ हे क्रियापद इथं अगदी अचूक आहे. खुद्द सलीम अलींची सुरुवात अशीच झाली. लहानपणी, १९०८ साली, त्यांनी एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे गेले. साहेबानं पोराला हाकलून न देता पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. आपल्या पक्षिशास्त्राचं नशीब त्या कपाटांबरोबर उघडलं. पुढे सलीम अली आणि हुमायून अब्दुलाली या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची मोठी यादी केली. घोडबंदर हे त्या साष्टीचंच उत्तरेचं टोक. तेव्हा आमच्या रस्त्याची खानेसुमारी, माणसांची नव्हे, पक्ष्यांची, १९३०च्या दशकातच झालेली आहे.

बंदुकीऐवजी कॅमेरा घ्यावा हे विलायतेत यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या शेतकऱ्याच्या दोन मुलांना आधी सुचलं. १८९२ साली त्यांनी रानातल्या घरट्याचा, आत अंडी जशीच्या तशी असताना, फोटो काढला. पण घरटं उडून जात नाही, पक्षी जातो. आणि तेव्हाचा कॅमेरा पक्ष्याच्या अगदी जवळ न्यावा लागे. मग १९०० साली या भावांनी एक पोकळ बैल करवून घेतला. खऱ्या बैलाचं कातडं, आत लाकडी सांगाडा, आणि त्याच्याही आत कॅमेरा घेऊन वाकलेला एक भाऊ! बैलाच्या छातीतल्या भोकातून कॅमेरा डोकावायचा. आमच्याकडे पोळ्याला बैलाची पूजा करतात. पण बैलाच्या पोटात शिरून तासन् तास उभं राहण्याइतकी भक्ती कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे हा नाद ज्यांनी थाटात केला त्यांत लोक वान थो यांचं नाव मोठं. हे क्वालालंपूरला जन्मलेले गृहस्थ, पुढे सिंगापूरचे सिनेमागृहांचे धनी. १९४२ साली जपानी सैन्य आलं तेव्हा ते बोटीनं निघाले, वाटेत बोटीवर बॉम्ब पडला. ते भाजले, काही काळ दृष्टीही गेली. वाचले, हिंदुस्थानात आले, मुंबईत सलीम अलींची गाठ पडली आणि परत आलेल्या दृष्टीचा उपयोग त्यांनी पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी केला. १९५७ साली त्यांचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ हे पुस्तक निघालं, आणि १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात ते गेले. मला हा माणूस फार आवडतो. डोळे जाऊन परत आल्यावर त्यांचं काय करायचं, याचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिल्याचं मला माहीत नाही.

पण ते श्रीमंत होते. फिल्म महाग, लांब भिंगं त्याहून महाग. छत्तीस फोटोंचा रोल संपेपर्यंत पक्षी शेपटीच दाखवत राहायचा, हे रोल धुऊन आल्यावर कळायचं. पगारदार माणसाला हे परवडण्यासारखं नव्हतं.

इथं पुन्हा मलेशियाच मदतीला आला. १९९९ साली तिथले लॉरेन्स पोह नावाचे पक्षिनिरीक्षक एक डिजिटल कॅमेरा बघत होते. जवळच स्कोप होता. त्यांनी सहज कॅमेऱ्याचं भिंग स्कोपच्या भिंगाला टेकवून पाहिलं, आणि दूरचा पक्षी पिसं मोजावी इतका जवळ आला! तसं पाहिलं तर खगोलवाले दुर्बिणीतून चंद्राचे फोटो कितीतरी आधीपासून काढत होते. पण चंद्र फांदी बदलत नाही. पोह यांच्या हातातल्या छोट्या कॅमेऱ्याचं भिंग इवलंसं, जवळजवळ डोळ्याच्या बाहुलीच्या मापाचं. डोळ्यासाठी केलेल्या भोकातून ते डोळ्यासारखंच बघू शकलं. मोठ्या कॅमेऱ्याचं परातीएवढं भिंग तिथं टेकवलं तर फोटोत मधे उजेडाची टिकली आणि भोवती अमावास्या. शिवाय फोटो त्याच क्षणी दिसतो, बिघडला तर पुसता येतो आणि फुकट जातो तो फक्त वेळ. हिशेबही सोपा आहे. कॅमेऱ्याचं भिंग पन्नास मिलिमीटरचं आणि स्कोप वीस पटींचा, तर गुणाकार एक हजार मिलिमीटर. बँकवाल्या काकांना या कलेची गोडी लागली ती त्या गुणाकारामुळेच, असा माझा संशय आहे.

अर्थात हजार मिलिमीटरला पक्षी जसा मोठा होतो तसा हाताचा कंपही होतो. खाली पाण्याचा टँकर गेला की चौथ्या मजल्यावरचा तांबट थरथरतो. दुपारी तापलेल्या रस्त्यावरची हवा नाचते आणि घार वितळल्यासारखी दिसते. काका बटण दाबत नाहीत, दोन सेकंदांचा टायमर लावतात आणि श्वास रोखतात. त्या दोन सेकंदांत पक्षी मान वळवतो. त्यांच्याकडे पाठमोऱ्या पक्ष्यांचा जो संग्रह आहे, तो भारतात अव्वल असावा.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं की मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगतो. हे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या रानांतलं छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. मिळाला होता म्हणा. कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या साहेबानं १९१४ साली गुजरातेत एक मारल्याची चिठ्ठी संग्रहात होती. पुढे पामेला रासमुसेन या बाईंनी छडा लावला तेव्हा कळलं, की साहेबानं ब्रिटिश म्युझियममधला खानदेशातला जुना नमुना लांबवून, टाके बदलून, आपल्या नावावर खपवला होता! पक्षी मेला आणि वर त्याची साक्षही खोटी निघाली. बाई आणि त्यांचे साथीदार जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा फांदीवर जिवंत बसलेला दिसला. त्याचे फोटो निघाले, चित्रण झालं, आणि पक्षी आपल्या वाटेनं उडून गेला. ११३ वर्षांनी सापडलेल्याची ओळख पटवायला या खेपेला छर्रा लागला नाही. पुढे २०१४ साली तो आपल्या तानश्याच्या अभयारण्यातही आढळला.

आता आमच्या सोसायटीचं. काकांच्या स्कोपचं तोंड बी विंगकडे असतं अशी तक्रार कमिटीकडे गेली. असतं, हे खरं. कारण बी विंगच्या पुढ्यात गुलमोहर आहे, त्याला एक वाळकी फांदी आहे आणि त्या फांदीत तांबटाचं बीळ आहे. त्याच आठवड्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची नोटीस लागली होती आणि वाळक्या फांद्यांचा नंबर पहिला होता. सेक्रेटरी जाब विचारायला म्हणून वर आले. काकांनी काही न बोलता त्यांना स्टुलावर बसवलं आणि एक डोळा मिटायला सांगितलं.

“अहो, हा तर कपाळाला कुंकू लावून बसलाय!” सेक्रेटरी म्हणाले.

“पिल्लं आहेत आत. तारीखवार फोटो आहेत माझ्याकडे.”

फोटो नोटीस बोर्डावर लागले. भोवती काळं कडं, मधे बिळातून बाहेर आलेली चोच, खाली बँकेतल्यासारख्या अक्षरात तारीख आणि वेळ. ज्यांच्या खिडकीवरून तक्रार होती त्या वहिनीही येऊन बघून गेल्या आणि बिळात उंबर कोण आणून देतं, नर की मादी, हे विचारून गेल्या. दोघंही, असं काकांनी सांगितल्यावर त्यांनी तो फोटो व्हॉट्सअॅपवर आपल्या यजमानांना पाठवला.

छाटणी तीन आठवडे पुढे गेली. करवतवाला ठरल्या दिवशी आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवलं, तेव्हा त्यानंही जाण्यापूर्वी स्कोपला डोळा लावून पाहिलं आणि दुसऱ्या दोन फांद्यांत बिळं आहेत, ती तुम्हाला दिसली नाहीत का, म्हणून काकांना विचारलं.