पिसूनाशके व पाळीव जनावरांची त्वचा : अमेरिकेतील एका पुराव्याचा इतिहास

कुत्र्यामांजरांवरील पिसवा मारण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांनी त्या जनावरांच्या त्वचेला इजा होते काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी पशुवैद्यकाचा होय. तथापि अमेरिकेतील या प्रश्नाचा इतिहास पाहिला असता, इजेला पुरावा म्हणून मान्यता केव्हा मिळते, हा इतिहासाभ्यासकाचा प्रश्नही त्यात गुंतलेला आढळतो.

पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण दाखवून दिल्यानंतर ती भुकटी पाळीव जनावरांसाठीही वापरली गेली. मांजर अंग चाटून स्वच्छ करीत असल्याने तिच्या बाबतीत हे विष पोटात जाण्याचा धोका विशेष होता. १९६० नंतरच्या दशकात डायक्लोरव्हॉसयुक्त प्लॅस्टिकचे गळपट्टे प्रचारात आले. पट्ट्यातून हे द्रव्य सावकाश बाहेर पडे; आणि काही जनावरांच्या मानेवर, नेमक्या पट्ट्याच्या जागी, त्वचा लाल होऊन केस गळत. येथे कारण उघड होते. इतरत्र ते तसे नसे. पिसवेच्या लाळेच्या वावड्यानेही तीव्र खाज सुटते. त्यामुळे रोगाचा दोष कोणता व उपायाचा कोणता, हे ठरविणे दुष्कर होई.

१९९० नंतरच्या दशकात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड इत्यादींचे थेंब मानेमागील त्वचेवर सोडण्याची पद्धत रूढ झाली. २००८ या एका वर्षात अशा औषधांविषयी ४४,००० हून अधिक तक्रारींची नोंद झाली. त्यांत त्वचेच्या दाहापासून झटके व मृत्यूपर्यंतचे प्रकार होते. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने २००९ मध्ये चौकशी आरंभिली व मार्च २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे साडेचार ते नऊ किलो वजनाच्या लहान कुत्र्यांत त्रास अधिक आढळला. कुत्र्यांचे औषध मांजरांवर वापरल्यानेही अपाय झाले होते. मांजराच्या यकृताला पर्मेथ्रिनसारख्या द्रव्यांचा निचरा नीट करता येत नाही, हे त्यामागील एक कारण होय.

यांहून महत्त्वाची बाब अशी, की विक्रीपूर्वी मागविल्या जाणाऱ्या चाचण्यांवरून प्रत्यक्षात आढळलेल्या अपायांचे अचूक भाकीत होत नाही, हे त्या संस्थेने स्वतःच मान्य केले. तक्रार म्हणजे सिद्ध कारण नव्हे, हे खरे. परंतु प्रयोगशाळेच्या नजरेतून निसटलेले सत्य मालकांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्यावरच दृग्गोचर झाले. एकेकटी क्षुल्लक भासणारी खाज हजारोंच्या संख्येने नोंदली गेली, तेव्हाच तिला पुराव्याचे मोल आले.