पाण्याच्या बोअरची दुसरी कामे

पुलगाव-आर्वी वाटेवरच्या रोहण्यात काय, किंवा विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, बोअरची गाडी शिरली की पोरे तिच्यामागे धावायचीच. मुरूम संपतो, काळा पाषाण लागतो, धुरळ्याचा लोट उठतो. कास्तकाराचा प्रश्न मात्र एकच, "पानी लागलं का जी?"

हे यंत्र पाण्यासाठीच जन्मले अशी आपली समजूत. वास्तविक दाबाच्या हवेने भोकाच्या तळाशी ठोके देणारा तो हातोडा मूळचा खाणीतला, सुरुंगाची भोके पाडणारा. १९६७ च्या सुमारास, बिहारच्या दुष्काळात, युनिसेफने अशा रिग विलायतेहून आणल्या आणि तो पाण्याच्या कामाला जुंपला गेला. उलटेही घडले आहेच. १८५९ साली अमेरिकेत ड्रेकने जमिनीतून तेल काढले, तेव्हा त्याचा कारागीर होता मिठाच्या पाण्याच्या विहिरी पाडणारा. सुमारे ७० फुटांवर तेल लागले आणि जगाचा संसार बदलला!

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. गणपती आदल्याच दिवशी बोळवलेले. पुढे शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडले, ते पाण्यासाठी नव्हे. ३३८ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि थोड्याशा गाळाच्या थराखाली अतिप्राचीन खडक हाती आला. ज्या जमिनीने हजारोंना गाडले, तिच्या पोटात काय आहे ते असे कळले.

पण भोकाची खरी किंमत समजते ती खाली माणूस अडकला म्हणजे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर कोळसाखाणीत पाणी घुसले. सहाजण बुडाले, ६५ अडकले. माणूस कसाबसा मावेल एवढे भोक पाडून लोखंडी पिंजरा सोडला गेला. अभियंते जसवंतसिंग गिल त्यात बसून आधी स्वतः खाली उतरले. पासष्टही वर आले.

एकवीस वर्षांनी चिलीतल्या सान होसे खाणीत ३३ जण कोंडले गेले. ५ ऑगस्ट २०१० ला दरड कोसळली, आणि ते जिवंत असल्याचे कळायला सतरा दिवस लागले. तीन यंत्रे तीन बाजूंनी भिडली. त्यांतली टी-१३० ही एरवी पाण्याच्या बोअर पाडणारी रिग. ती चालवायला जेफ हार्ट नावाचा अमेरिकन आला, तो अफगाणिस्तानातून, सैन्यासाठी विहिरी पाडता पाडता! खडक असा कठीण की, डोक्यावरचे हातोडे झिजत, तुटत. आधीच्या बारीक भोकालाच रुंद करीत, तेहतीस दिवसांनी, ९ ऑक्टोबरला रिग सहाशेहून अधिक मीटर खाली पोचली. इतर दोन यंत्रे अजून वाटेतच होती.

भोक दोन फुटांहून थोडे रुंद. १३ ऑक्टोबरला एकेक जण त्यातून वर आला. पाळीचा मुकादम लुईस उर्सुआ सर्वांच्या शेवटी.